रुआन मास्तरांची दुसरी कविता

रुआन मास्तर कवितेत जेवढे रडले तेवढे बाहेर कधी रडले नाहीत. माणूस गोल, गुटगुटीत, हसला की डोळे गालात बुडायचे. बदकाच्या मानेवर त्यांचा भारी जीव. माझ्या दुकानात बसून ते मान चोखून चोखून खायचे, बोटं पुसायचे आणि मग कुंचला उचलून लिहायचे की शरदाचा वारा, एकटा पक्षी, ओसाड किल्ला. मी म्हणायची, "मास्तर, आपल्या गावात किल्ला कुठाय?" ते म्हणायचे, "फानमावशी, कवितेत आहे ना. तिथं बांधायला गवंडी लागत नाही."

मला अक्षर ओळखू येत नाही. पण माझं चहाचं दुकान घाटावर, निरोपाच्या मंडपाला लागून, आणि मंडपाची पांढरी भिंत माझ्या चुलीसमोर. पोयांग सरोवर ओलांडून जो कोणी लांब जातो, त्याला पोचवायला आलेला शिकला-सवरलेला माणूस त्या भिंतीवर चार ओळी लिहितो, मोठ्याने वाचतो, दोन पेले पिऊन घरी जातो. जाणारा परत आला की त्याने स्वतःच्या हाताने आपल्या ओळींवर चुना फिरवायचा, ही इथली रीत. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तसं करणं म्हणजे त्या माणसालाच पुसून टाकणं. जे आले नाहीत त्यांच्या ओळी तशाच आहेत, काही तर माझ्या सासूच्या वेळच्या. मला त्या सगळ्या ऐकून पाठ झाल्यात. नकोशा झाल्यात म्हटलं तरी चालेल.

मास्तरांची शाळा मंडपाच्या मागेच. उकाड्यात ते पोरांना मंडपात आणून बसवायचे. एकदा एका पोराने लिहिलं, आजीची आठवण येते, फार वाईट वाटतं. मास्तर म्हणाले, "तुला वाईट वाटतं हे कोण विचारतंय? वाईट वाटलं तेव्हा समोर काय होतं?"

"तिची चूल होती."

"चुलीत काय होतं?"

"राख. राखेत मांजर बसलं होतं."

"बस. तिथंच थांब. पुढं एक शब्द बोललास तर छडी बसेल."

मी किटली घेऊन उभी होते. मला माझी सासू आठवली आणि मी बाहीने डोळे पुसले. त्या बाईसाठी मी जन्मात कधी रडले नव्हते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि पोरांना म्हणाले, "बघा, राखेने काम केलं." मला असा राग आला की त्या दिवशी मी त्यांना पाणचट चहा दिला.

त्यांची बायको, आमची रुआनवहिनी, ही त्यांच्या उलट. काटकुळी, तोंडाने फटकळ, कवितेचा तिटकारा. "घरात हसायचं आणि भिंतीवर रडायचं," ती म्हणायची. "एवढं रडू येतं तर कांदे चिरून द्या." मास्तर खदखदून हसायचे आणि खरंच कांदे चिरायला बसायचे.

दोन लेकरं मातीत घातल्यावर त्यांना शुहंग झाला. एकुलता एक. अंगाने बापासारखा भरलेला, स्वभावाने आईसारखा घायकुत्या. त्याचं अक्षर सुंदर होतं, म्हणून भांड्यांच्या एका व्यापाऱ्याने त्याला सरोवरापलीकडे लांब हानखौ शहरात न्यायचं ठरवलं. तिकडे वर्षभर लिहिण्याचं काम करायचं आणि मग परत यायचं. वर्षाच्या नवव्या महिन्यात, उत्तरेचं वारं सुटायच्या तोंडावर, व्यापाऱ्याच्या तीन होड्या घाटाला लागल्या. गवतात गुंडाळलेली पांढरी भांडी पोटात भरून त्या पाण्यात पार खाली बसल्या होत्या. वहिनी म्हणाली, "वारं पडल्यावर नाही का जाता येणार?" व्यापारी म्हणाला, "बाई, वारं माझ्या घरचं नाही." झालं, निघायचं ठरलं.

मी शुहंगला चहात उकडलेली अंडी बांधून दिली. मास्तरांनी निरोपाच्या रीतीप्रमाणे त्याला घाटावरच्या विलोच्या झाडाची एक डहाळी मोडून दिली, पेला दिला, आणि होडी सुटली तशी ते कुंचला घेऊन भिंतीकडे वळले. एरवी ते लिहिताना पोरांशी गप्पा मारत, मधेच ढेकर देत. त्या दिवशी बोलले नाहीत. एकदा सरोवराकडे बघायचे, एकदा भिंतीकडे. लिहून झालं तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं. त्यांच्या तालात मला म्हणता येत नाही, माझ्या बोलीत सांगते:

वेळू वाकले वाऱ्याने, ओला झाला काठ;
शीड पानाएवढं झालं, मग आलं धुकं.
बदकं उतरली, होडीमागची रेघ मोडून गेली;
कुणी गेलंच नव्हतं असं सरोवर कोरं.

जमलेल्या सगळ्यांनी वाहवा केली. मास्तरांचा चेहरा लाल झाला होता. आजवर त्यांच्या ओळी ऐकून मी भांडी घासत राहायची. त्या दिवशी माझा हात थांबला.

ल्याव वैद्य त्या वेळी लेकीकडे गेले होते. आमच्या गावात कवितेतलं कळणारे मास्तरांनंतर तेच. परत आले ते नेहमीसारखे चहाला बसले, भिंतीवर नवीन काय म्हणून मान वर केली, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेला तसाच खाली ठेवला.

"मास्तरांनी हे स्वतःच्या मुलाला लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मग काय माझ्या मुलाला? का हो?"

"यात होडी जाते, मावशी. येत नाही. आणि गेल्याची खूणसुद्धा राहत नाही." ते आवाज खाली आणून म्हणाले, "शाईला पुढचं दिसतं. कारकुनाची धाकटी सून आठवते ना?"

आठवत होती. गावात कोण विसरलंय? त्या पोरीने वसंताच्या सुरुवातीला गंमत म्हणून दोन ओळी केल्या होत्या, की फांदीवर अजून कळ्या आणि खाली जमीन पांढरी. सगळ्यांनी कौतुक केलं. आलुबुखाराला फळ धरायच्या आत ती गेली, पोटातल्या बाळासकट. तेव्हापासून आमच्याकडे मुलीबाळी कविता करताना पडलेलं फूल घालत नाहीत.

"उगाच काहीतरी बरळू नका," मी म्हटलं. पण वळले तर मागे रुआनवहिनी भाजीची टोपली घेऊन उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

त्या दिवशी नवरा-बायकोचं माझ्या दुकानात जुंपलं. वहिनी म्हणाली, "पुसा ते."

"पुसता येत नाही, तुला माहीत आहे. शुहंगने पुसायचं."

"मग खाली आणखी एक ओळ लिहा. लिहा की होडी परत आली, आई दारात उभी होती."

"पाचवी ओळ नसते गं."

"नसते म्हणजे? कुणाच्या बापाने ठरवलंय?"

मास्तर तिला पोरांना समजावतात तसं समजावायला लागले. म्हणे कविता दृश्यावर सोडायची असते. पाणी दाखवायचं आणि गप्प बसायचं, पुढचं वाचणाऱ्याच्या काळजात होतं. बोलून दाखवलं की सगळं जातं.

"तुमचं काय जाईल? शब्द जातील," वहिनी म्हणाली. "माझं पोर जाईल."

तेवढ्यात वैद्य पुन्हा आले. मास्तरांनी हसण्यावारी न्यायला बघितलं. "वैद्यबुवा, मी तीस वर्षं या भिंतीवर ओसाड किल्ले लिहितोय. एक तरी पडला का?"

वैद्य हसले नाहीत. "त्या किल्ल्यांत तुमचं काही नव्हतं, मास्तर. म्हणून काही झालं नाही. या ओळींत तुमचं होतं."

मास्तरांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे काही गालात बुडाले नाहीत. मला ते बघवलं नाही.

मग उत्तरेचं वारं सुटलं. रात्रंदिवस सरोवर दगडांवर आदळत होतं. पलीकडची होडी इकडे येईना, इकडची जाईना. शुहंगचं पत्र यायला हवं होतं, ते आलं नाही. वारं जरा पडलं तशी एका सकाळी मी पाणी भरायला उतरले, तर पायऱ्यांना गवत लागलेलं. ओलं, पिळवटलेलं, भांड्यांना गुंडाळतात तसलं गवत. त्यात एक पांढरी खापरी. मी ते पायाने लांब ढकललं, कुणाला दिसू नये म्हणून. पाण्याने ते परत आणलं. दुपारपर्यंत गवताने सगळा काठ भरला आणि लपवण्यासारखं काही उरलं नाही.

त्यानंतर मंडपात कुणी बसेनासं झालं. चहा घ्यायचे आणि उभ्या उभ्या पिऊन जायचे. त्या भिंतीकडे पाठ करून बोलायचे. एका बाईने आपल्या पोराला शाळेतून काढलं, म्हणे मास्तरांचा हात चांगला नाही. तिला मी चांगलीच सुनावली, पण माझं ऐकतंय कोण.

मास्तर मात्र रोज यायचे. मी बदकाची मान पुढे ठेवायची, ती थंड होऊन जायची. एके दिवशी एक मासेमाराची होडी घाटासमोरून गेली. तिच्या मागे पाण्यावर लांब रेघ उठली, बदकांचा थवा तिच्यावर उतरला, आणि रेघ मोडली. सरोवर कोरं झालं. भिंतीवर लिहिलं होतं अगदी तसं. मास्तर उठून उभे राहिले आणि परत बसले.

"फानमावशी," ते म्हणाले, "आजवर मी दृश्य शोधत हिंडायचो. दोन लेकरं गेली त्यांचं दुःख मला लिहिता आलं नाही, म्हणून कुठून कुठून कावळे आणायचो, पडके बुरूज आणायचो. आता बघेन तिकडे तेच आहे. वेळू बघितला तरी तेच. या पेल्यातली वाफसुद्धा धुकं होऊन बसलीय. मी कुठं बघू?"

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "आणि ती मान खा."

त्यांनी नकारार्थी डोकं हलवलं. "ती लिहिताना काय झालं सांगू? होडी सुटली आणि वाटलं, पाण्यात उतरून तिला धरावी. कुंचला हातात असताना असं खरोखर वाटलं ते पहिल्यांदाच. हात आपोआप चालला. शेवटची ओळ उतरली तेव्हा मी खूश झालो, मावशी. म्हटलं, अखेर एक चांगली जमली. पोर डोळ्यांआड होत होतं आणि मी ओळीला शाबासकी देत होतो."

मी चुलीत लाकूड सारलं.

दोन दिवसांनी ते सकाळीच आले, धुकं इतकं की मंडपाची भिंत जेमतेम दिसत होती. त्यांनी माझ्याकडून कोमट पाणी मागून घेतलं आणि शाई उगाळायला बसले. आमच्याकडे निरोपाच्या कवितेला उत्तर देता येतं. पहिल्या कवितेतले यमकाचे शब्द तेच ठेवायचे, त्याच जागी, आणि जाणाऱ्याच्या तोंडून बोलायचं. जाणारा दूर असला तर त्याच्या वतीने दुसरं कुणी लिहितं. म्हणजे भिंतीवरचं न पुसता, त्यात काही न जोडता, तिला जबाब देता येतो. एवढे दिवस त्यांना हे सुचलं नव्हतं की सुचूनही हात होत नव्हता, कोण जाणे.

लिहून होईतो वैद्य आले होते, आणि बाजाराला निघालेली वहिनी कुंचला चाललेला बघून थांबली होती. मास्तर म्हणाले, "वैद्यबुवा, तुम्हीच वाचा. माझा आवाज बसलाय." वैद्यांनी वाचलं:

मागे वळून पाहतो तो अजून दिसतो काठ;
पायरीवरचा म्हातारा, त्याच्या दाढीत धुकं.
वल्ह्याच्या एकेका ओढीला तो लहान होत गेला;
आता नुसत्या पायऱ्या, वर आभाळ कोरं.

वाचून वैद्य थबकले. मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी हळूच नकाराची मान हलवली.

वहिनीने विचारलं, "यात पोर होडीत आहे?"

"आहे," वैद्य म्हणाले.

"होडी बुडत नाही?"

"नाही. तो मागे बघतोय."

"बघणारा असतोच ना," मास्तर म्हणाले. "त्याशिवाय बघणार कसा?"

वहिनी जरा वेळ पायऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बदक आणते. आज चांगलं तिखट करते." आणि टोपली उचलून निघून गेली.

ती लांब गेल्यावर वैद्य म्हणाले, "मास्तर, पायऱ्यांवरून नाहीसं कोण झालं?"

"कवितेत नावं घालत नाहीत, वैद्यबुवा."

मी चिडले. मी त्यांना म्हटलं की तुम्ही शिकलेले लोक वेडे आहात, पाणी म्हणजे पाणी असतं आणि पायरी म्हणजे पायरी, चार काळ्या ओळींनी कुणी बुडत नाही की तरत नाही. ते शांतपणे ऐकून घेत होते. म्हणाले, "मग झालं तर. तुला भ्यायचं कारण नाही." आणि किती दिवसांनी हसले. डोळे गालात बुडाले.

त्या दिवसापासून त्यांना भूक लागायला लागली. मान खायचे, भात मागून घ्यायचे, माझी थट्टा करायचे. फक्त संध्याकाळ झाली की जाऊन खालच्या पायरीवर उभे राहायचे, जिथे लाट पायाला लागते. मी हाका मारून दमायची. "धुक्यात काय दिसतंय तुम्हाला?"

"मला नाही दिसत गं. त्याला दिसायला हवं ना. मी इथं नसलो तर तो बघणार काय?"

पाय भिजलेलेच असायचे. आधी खोकला झाला, मग ताप. वैद्यांनी किती काढे केले, काही उतार पडला नाही. मी पेज घेऊन गेले तर त्यांनी विचारलं, "फानमावशी, पत्र?" मी म्हटलं, येईल. पहिलं हिव पडलं त्या पहाटे ते गेले. वहिनीने पांढरे कपडे घातले, कागदी पैसे जाळले, आल्यागेल्याला चहा दिला. मोठ्याने रडली नाही. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे.

घाटावर ती येतच राहिली. पायऱ्यांवर मात्र उतरत नसे. माझ्या दुकानात बसायची, सरोवराकडे तोंड करून, आणि आम्ही शेंगा सोलायचो. भिंतीकडे मी बघत नव्हते. दुसऱ्या कवितेचं म्हणाल तर अर्धं भाकीत खरं झालं होतं. उरलेल्या अर्ध्याची आम्ही वाट बघत होतो. ते जर खोटं निघालं असतं तर मास्तर फुकट गेले असते, आणि हे आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

मोहरी पिवळी झाली तेव्हा शुहंग आला. एका होडीतून उतरला, वाळलेला, काळवंडलेला, खांद्यावर बोचकं. तीनपैकी एक होडी बुडाली होती, ती त्याची नव्हती. पत्रं दोन धाडली होती, ती पोचली नव्हती. काम आवडलं नाही म्हणून वर्ष भरायच्या आधीच परतला होता. वहिनीने त्याला धरलं आणि काहीही न सांगता घरी नेलं. तिने घरी काय आणि कसं सांगितलं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तो चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन मंडपात आला. परत आलेल्याने पुसायचं, रीत म्हणजे रीत. त्याने पहिली कविता वाचली. मग दुसरी वाचली. मग माझ्या बाकावर येऊन बसला.

"मावशी," तो म्हणाला, "मी मागे वळून बघितलंच नव्हतं."

"काय?"

"होडीत सगळं ओलं होतं. एक कोरडी जागा होती, तिच्यासाठी मी नावाड्याशी भांडत होतो. मग तुमची अंडी सोलून खाल्ली. वर बघितलं तेव्हा धुकं होतं. बाबा कुठं उभे होते तेसुद्धा मला ठाऊक नाही."

मी म्हटलं, "आईला सांगू नकोस."

तेवढ्यात वहिनी आलीच. तिने बादली बघितली, भिंत बघितली. शुहंग उठून म्हणाला, "आई, या दुसऱ्या कवितेत बाबांनी स्वतःला घातलंय. मला वाचवायला. तुला वाचता येत नाही, पण वैद्यकाका होते, कुणीच कसं अडवलं नाही त्यांना?"

"मला वाचता येत नाही," वहिनी म्हणाली. "ऐकू येतं. वैद्यांनी वाचलं तेव्हाच मला कळलं."

मी शेंगा सोलत होते.

"एक शब्द टाकला असता तर त्यांनी पुसलं असतं," ती म्हणाली. "त्यात जाणारे ते स्वतःच होते, त्यांना पुसता आलं असतं. मी बदक आणायला गेले. मला तू हवा होतास." आवाज सरळ होता, भाजीचा भाव सांगावा तसा. मग तिने त्याच्या बाहीला हात लावला. "तुला दिसत होते ना रे ते? जाताना?"

शुहंगने माझ्याकडे बघितलं नाही.

"दिसत होते," तो म्हणाला.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. अगदी लहान होईपर्यंत."

तिने मान डोलावली. शुहंगने कुंचा चुन्यात बुडवला आणि पहिल्या कवितेवर फिरवला, काठ, धुकं, बदकं, सगळं पांढरं झालं. दुसरीपाशी त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

वहिनी म्हणाली, "ती राहू दे. तिच्यातला कुठं परत आलाय?"

तो कुंचा त्याने बादलीत ठेवला. मी तिघांसाठी चहा ओतला.